खाणारं तोंड

मला कराचीचे भाव विचारा. मी कराची बघितलेली नाही. दिघीच्या धक्क्यावरून आगबोटीचा धूर तेवढा बघितलाय. पण सन बावन्न सालातले तिथले भाव मला आजही तोंडपाठ आहेत. गव्हाचं पीठ आपल्यापेक्षा स्वस्त. मटण स्वस्त. मासळी इथं नि तिथं सारखीच. कापड महाग, कारण गिरण्या सगळ्या आपल्याकडे राहिल्या. नारळ तर विचारूच नका, आणि विड्याचं पान घ्यायचं म्हणजे सोनाराच्या दुकानात शिरल्यासारखं. आणि बायको? बायको महिना चाळीस रुपये. हे शेवटचं मला माझ्याच ओटीवर, माझ्या देखत, चार माणसांनी सांगितलं.

सांगते. आता लपवून कुणाची अब्रू राखायचीय?

माझं लग्न झालं तेव्हा देश एकच होता. माझा नवरा हरेश्वर. नाव घेते मी. घेऊ नये म्हणतात, पण आता भीती कुणाची? तर हरेश्वर कराचीच्या बंदरात लाँचवर खलाशी होता. कराची म्हणजे परदेश असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. मुंबईच्या पुढचं एक मोठं बंदर, एवढंच. आमच्या कोळीवाड्यातले पाच-सहा गडी तिथं होते. पावसाळ्यात घरी यायचे, श्रावण सरला की जायचे. दर वर्षी निघताना हरेश्वर मला म्हणायचा, "पुढच्या साली तुला नेतो." मी पण वेडी, खरं मानायची.

मग सत्तेचाळीस साल आलं. इथं सगळ्यांनी झेंडे लावले, पेढे वाटले, आणि माझा नवरा बसल्या जागी परदेशी झाला. तो कुठं गेला नव्हता, कराचीच गेली. बाकीचे गडी मिळेल त्या बोटीनं जीव घेऊन परत आले. हा आला नाही. तिथली निम्मी माणसं निघून गेली, बंदरात हातच उरले नाहीत, म्हणून साहेबानं ह्याला सुकाणूवर बसवलं नि पगार वाढवला. झालं! नंतर येण्याजाण्याला परमिटाची भानगड निघाली. पाच वर्षं मी नवऱ्याचं तोंड बघितलं नाही. पैसे मात्र यायचे, कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती.

त्यात एकोणपन्नास साली आपल्या सरकारनं रुपया पाडला आणि त्यांच्या सरकारनं पाडला नाही. म्हणजे त्यांचे शंभर ते आपले एकशे चव्वेचाळीस. हा सरकारी भाव. मुंबईचा जो शेठ हातोहात बदलून द्यायचा तो एकशे तीसच टेकवायचा, वरचं त्याच्या पोटात. पण एकशे तीस काय कमी झाले? माझे थोरले दीर गुणाजी, त्यांना हे कळलं त्या दिवशी ते नाचायचेच बाकी होते. देश फुटला तेव्हा त्यांच्या तोंडातून हाय निघाली नव्हती. रुपया फुटला तेव्हा मात्र त्यांनी देवाला नारळ फोडला.

बावन्न सालच्या वैशाखात हरेश्वर घरी आला, दोन-अडीच महिन्यांच्या परमिटावर. वाळला होता. गालफडं बसली होती. बोलताना मधेच हिंदी शब्द यायचे तोंडात. मला झंपराला साटीन आणलं होतं, आयला शाल. आय म्हणजे माझी सासू, नीराबाई. आणि बरोबर एक बातमी आणली.

"दिवाळीपास्नं पासपोर्ट लागनार," तो जेवताना म्हणाला. "तिथला घेतला की मी तिथला मानूस झालो. मग येताना इथल्या सरकारची परवानगी. न्हाय घेतला तर नोकरी गेली. काय ते आत्ताच ठरवा."

ठरवा! म्हणजे स्वतःनं काही ठरवून आलाच नव्हता.

मला काय हवं होतं ते एका वाक्यात सांगते. मला नवऱ्यापाशी राहायचं होतं. इथं, तिथं, कुठंही. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि सगळे पावसाळे जोडले तरी वर्षभराचा संसार भरत नव्हता. मी तेवीस वर्षांची. मांडीवर पोर नाही. म्हसळ्याच्या बाजारात बसले की गिऱ्हाईक बाया बोंबील उलटेपालटे करत विचारायच्या, "काय गं, काही हाय का न्हाय अजून?" नवरा समुद्रापलीकडे, होणार कुठून? हरेश्वरला मी आडपडदा न ठेवता सांगितलं, "मला न्या. न्हायतर तुमी ऱ्हावा. दोन्हींतलं एक करा, पन ह्या खेपेला मला अशी सोडून जाऊ नका."

"मला काय हौस हाय एकट्याला ऱ्हायाची?" तो म्हणाला. "पन नाखवा नि आय ठरवतील तसं."

हा माणूस वादळात सुकाणू धरतो म्हणे. घरात मात्र त्याला दिशा दुसऱ्यानं सांगावी लागायची.

आता नाखवा कोण ते सांगते. तुळशीराम नाखवा, आमच्या कोळीवाड्यातला मोठा माणूस. जेठात होड्या वर ओढल्या, नारळीच्या झापांनी शाकारल्या की आमच्याकडे सालाचा हिशोब होतो. नाखवा शिंपल्या घेऊन बसतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, मग एकेका गड्याचा वाटा, अशा शिंपल्या मांडत जातात. लिहिणं-वाचणं काही नाही, पण त्यांनी मांडलेल्या हिशोबावर कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही. त्या मांडणीत बाईची शिंपली नसते. बाई होडीत चढत नाही, मग वाटा कसला? मासळी किनाऱ्याला लागली की पुढचं सगळं बाईनं करायचं. निवडायची, सुकवायची, पाटीत भरायची, बाजार गाठायचा, दिवसभर घशाला कोरड पडेपर्यंत घासाघीस करायची. त्यात जे वर सुटतं ते सासूच्या हातात द्यायचं. कोळ्याच्या घरात पैसा बाईच्या हातात असतो असं लोक कौतुकानं म्हणतात. असतो ना. पण कुठल्या बाईच्या, ते विचारा.

आमच्या घरात पाटी माझ्या एकटीच्या डोक्यावर होती. सासूचे गुडघे गेलेले, आणि जाऊ केसर एका बाळंतपणातून उठली की दुसऱ्यात. मी सुकट, बोंबील, जवळा घेऊन म्हसळ्याला जायची. कंडक्टर मोटारीत घेताना नाक मुरडायचा, मी त्याच्या नाकाला चार सुनवायची नि वर चढायची. कुणी उगाच भाव पाडायला बघितला तर त्याची सात पिढ्यांची विचारपूस करायची. मला बाजारात टरकून असायचे लोक.

तर आषाढात एक दिवस, बाहेर पाऊस धो धो कोसळतोय, आणि आमच्या ओटीवर बैठक बसली. तुळशीराम नाखवा, गुणाजीदादा, हरेश्वर नि सासू. मी आत दाराआड. चुलीवर चहा ठेवलेला, कान बाहेर.

नाखवांनी पोतडीतून शिंपल्या काढल्या. "एक शिंपली पाच रुपयांची," म्हणाले. "हां, बोल हरेश्वरा. तिथला पगार?"

"एकशे धा."

"एकट्याचा खर्च?"

हरेश्वर सांगत गेला. पाच जणांत एक खोली, त्यातला त्याचा भाग आठ रुपये. खानावळ तीस. चहा, विडी, साबण, कापडचोपड धरून बारा. म्हणजे पन्नास. उरले साठ. साठाचे आपले झाले अठ्ठ्याहत्तर.

"आन बायको नेलीस तर?"

हरेश्वरनं सगळं आधीच काढून ठेवलं होतं, धडाधडा सांगितलं. निर्वासित येऊन शहर भरलंय, खोली म्हणजे कोंबड्यांचं खुराडं, तरी तीस रुपये. घरी शिजवलं तर दोघांचं खाणं अडतीस. कोळसा नि रॉकेल सहा. बाईचं लुगडं तिथं मिळत नाही, मुंबईहून मागवायचं, त्याचे महिन्याला चार धरा. चहा-विडीचे बारा आहेतच. एकूण नव्वद, म्हणजे चाळीस रुपये वाढीव. म्हणजे घरी धाडायला उरले वीस. वीसाचे इथले सव्वीस.

"आन इथंच ऱ्हायलास तर?"

त्याचं उत्तर गुणाजीदादांनी दिलं. "गड्याचा एक वाटा. चार म्हैने समुद्र बंद. बारा म्हैन्यांवर पसरला तर म्हैना तीस. त्यातनं ह्याच्या जेवनाचे चौदा वजा करा. ऱ्हायले सोळा."

इथं राहायची गोष्ट तिथंच संपली. तीन शिंपल्या कशाबशा मांडल्या होत्या, नाखवांनी त्या हातानं बाजूला सारल्या. देशाला स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाली होती, आणि माझ्या नवऱ्याचा देश कुठला ते असं ठरलं.

"नीराबाय, तुला घरात किती लागतात?" नाखवांनी विचारलं.

"शंबर," सासू म्हणाली.

"होडीचा वाटा नि गुणाजीचा मिळून पासष्ट येतात. म्हंजी पस्तीस कमी." नाखवांनी डोकं खाजवलं. "एकटा गेला तर अठ्ठ्याहत्तर येतील, पस्तीस भागून चांगले वर पडतील. जोडीनं गेला तर सव्वीस."

"सव्वीसनं काय भागतंय?" गुणाजीदादा लगेच म्हणाले. त्यांना नवी होडी बांधायची होती. रोज रात्री तिची लांबी वाढायची.

आणि तेव्हा तुळशीराम नाखवा माझ्या बाजूनं बोलले. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या म्हाताऱ्याच्या मनात पाप नव्हतं. ते म्हणाले, "थांब जरा गुणाजी. सव्वीस येतील, पन घरातलं बसून खानारं एक तोंड कमी होतंय ते धरलंस काय? त्याचे चौदा धर. सव्वीस नि चौदा चाळीस झाले. तुझे पस्तीस भागले, वर पाच उरले. लगीन झालेला गडी हाय. त्याला आनखी किती सालं एकटा ठेवनार? न्हेऊ दे तिला."

ठरलंच होतं. हरेश्वरनं मान खाली घातली होती, सासू गप्प होती, गुणाजीदादा तोंड वाकडं करून बसले होते पण पुढं बोलायची सोय नव्हती. मी गप्प राहिले असते तर श्रावणात मी कराचीच्या बोटीत असते.

पण माझ्या कानात काय घुसलं? बसून खाणारं तोंड.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बसून? मी? पहाटे उठून बोंबील सुकायला बांबूच्या वलांडीवर टाकणारी मी, दुपारी ते परतणारी मी, म्हसळ्याच्या उन्हात पाटीपुढं भाजून निघणारी मी, आणि ह्यांच्या मांडणीत माझं काय, तर एक तोंड! चौदा रुपयांचं! मी चहाचं पातेलं तिथंच टाकलं आणि ओटीवर आले. डोक्यावरचा पदर कुठं होता कुणाला ठाऊक.

"बसून कोन खातं?" मी म्हटलं. "नाखवा, कोन खातं बसून?"

"अगं पोरी, तसं न्हवं..."

"तसंच हाय! तुमी आजवर बाईची शिंपली कधी मांडली न्हाय. आज मांडा." मी वाकून त्यांच्या पोतडीत हात घातला आणि मूठभर शिंपल्या काढल्या. त्यांतल्या सहा मोजून मी जमिनीवर आपटल्या. एकेक आपटली. "ही माजी पाटी. म्हैना तीस रुपये. कुनाचं फुकट खात न्हाय मी. इचारा आयला, इचारा!"

नाखवांनी सासूकडे बघितलं. सासूनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "व्हय. तीस. कधी बत्तीस."

"हे तुज्या शंबरात धरलेत?" नाखवांनी तिला विचारलं.

"न्हाय. शंबर गड्यांकडनं लागतात. ह्या तिसात मीठ, तेल, रॉकेल, पोरांची कापडं, केसरचं औषध."

नाखवांनी माझ्या सहा शिंपल्या उचलल्या नि त्या चाळीसच्या ढिगाजवळ आणल्या. मला वाटलं ते त्यात टाकतायत. त्यांनी त्या ढिगातून सहा शिंपल्या काढून घेतल्या. खाली दोन उरल्या.

"पोरी," म्हातारा म्हणाला, आणि खरंच त्याचा आवाज पडला होता, "तू गेलीस तर हे तीस कुठनं यायचे? पाटी कोन उचलनार? तुला जाऊ देनं घराला परवडायचं न्हाय गं."

मला आधी कळलंच नाही. मी जिंकले होते ना? माझं म्हणणं खरं ठरलं होतं, सासूनं सगळ्यांदेखत हो म्हटलं होतं. मग गुणाजीदादांचं तोंड कशानं उजळलं? मग मी हरेश्वरकडे वळले. "तुमी बोला," म्हटलं. "तुमचं तोंड शिवलंय काय? बायको कुनाची हाय मी, ह्या घराची का तुमची?"

हरेश्वर शिंपल्यांकडेच बघत होता. "हिशोब बरोबर हाय," तो म्हणाला.

हे तीन शब्द. तिथं त्यानं मला दोन कानाखाली दिल्या असत्या तर मी कमी रडले असते.

संध्याकाळी मी मागच्या दारी बसले होते. सासू गुडघे धरत धरत आली नि शेजारी टेकली. मला वाटलं काहीतरी गोड बोलेल.

"मी गप बसले व्हते ना?" ती म्हणाली. "तुजी पाटी मला ठाव न्हवती काय? पैसं तर माज्याच हातात येतात. म्हटलं जाते तर जाऊ दे, ल्योकाजवळ राहील. सोन्यासारखी सुटत व्हतीस. तोंड आवरलं न्हाय तुला."

ती खरं बोलत होती की जखमेवर मीठ चोळत होती, मला आजवर कळलेलं नाही. आमच्या सासवा दोन्ही एका वाक्यात करतात. पण एक सांगते. मी खोटं काय बोलले? उद्या पुन्हा कुणी मला बसून खाणारी म्हटलं तर मी पुन्हा शिंपल्या आपटीन. न बोलता मिळणार होतं ते माझी किंमत शून्य आहे म्हणून मिळणार होतं. बोलले तर किंमत इतकी निघाली की सोडायला परवडेना. मग बाईनं करायचं तरी काय, सांगा!

श्रावणात हरेश्वर निघाला. पावसाळ्यात इथली आगबोट बंद, म्हणून म्हसळ्याहून मुंबईकडची मोटार. मी पाटी घेऊन म्हसळ्यापर्यंत त्याच्याबरोबर गेले. बाजाराचाच दिवस होता, नाहीतर मोटारीचं भाडं कुणी दिलं असतं? स्टँडवर मी त्याला म्हटलं, "नाखवांचा हिशोब राहू दे नाखवांपाशी. तिथं पोचलात की कुनाला न इचारता मला बोलवून घ्या. मी अर्ध्या भाकरीवर ऱ्हाईन. तिथं पन मासळी हाय ना? तिथं पन पाटी उचलीन."

"पगार वाढू दे," तो म्हणाला. "पुढच्या साली."

माझ्या पाटीतले चांगले निवडून बोंबील त्याला बांधून दिले. ते सासूच्या हिशोबात मी धरले नाहीत. मोटार गेली. मग मी बाजारात बसले आणि त्या दिवशी एका बाईला इतक्या शिव्या दिल्या की बिचारी आजही माझ्याकडून मासळी घेत नाही.

दिवाळीला पासपोर्ट सुरू झाले. त्यानं तिथला घेतला. पैसे येत राहिले, साठ म्हणजे साठ, त्यात कधी चूक नाही. गुणाजीदादांची होडी झाली. मोठी झाली, हळदकुंकू लागलं, सगळ्या कोळीवाड्यानं कौतुक केलं. आणि पंचावन्न साली पाकिस्तानच्या सरकारनंही रुपया पाडला. साठाचे पुन्हा साठच झाले. गुणाजीदादांनी त्या सरकारला दोन दिवस शिव्या घातल्या. मी म्हटलं, "आता तरी बोलवा त्यांना घरी. आता कसला फायदा ऱ्हायलाय?" तर म्हणाले, "साठ ते साठ. इथं सोळा व्हतात." आणि परवानगी, शिक्के, मुंबईच्या खेपा, कोण करणार? हरेश्वरकडूनही काही निरोप नाही. पुढची सालं येत गेली नि जात गेली.

एकोणसाठच्या माघात चंदर आला. चंदर आमच्याच वाड्यातला, मालाच्या बोटीवर खलाशी. त्याची बोट कराचीला लागायची, तोच पैसे आणायचा. मी अंगणात बोंबील वलांडीवर टाकत होते. तो नेहमी आधी मला हाक मारायचा, "वैनी, च्या टाका." त्या दिवशी माझ्याकडे न बघता सरळ सासूपाशी जाऊन बसला. मी ओले हात तसेच घेऊन मागोमाग गेले.

"हरेश्वरदादाचं बरं चाललंय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "खोली घेतलीय त्यानं."

"खोली?" मी विचारलं. "एकट्याला खोली कशाला?"

चंदर शर्टाची गुंडी चाळवत बसला.

"बोल की रे मुडद्या!"

"बाई हाय," तो म्हणाला. "तिथलीच, पन आपल्याच मराठी मानसांतली. नवरा वारला तिचा. दोन सालं झाली दादासंगं ऱ्हाते. पोरगी झालीय."

डोळ्यांपुढं अंधारी म्हणतात ती आली नाही. उलट सगळं लख्ख दिसत होतं, चंदरच्या शर्टाची तुटकी गुंडीसुद्धा. मनात एकच गोष्ट फिरत होती, की पोरगी झाली, म्हणजे बाई जवळ असली की त्याला मूल होत होतं. माझ्या नावानं बाजार काय काय बोलला होता!

"खोलीला किती पडतात?" मी विचारलं.

"चाळीस झालेत आता भाव."

"आन ती काय करते? पाटी उचलते?"

"न्हाय," चंदर म्हणाला. "घरीच असते. पोरगी ल्हान हाय ना."

घरीच असते. बसून खाते.

सासूनं डोळे पुसले होते. ती रडली, हे मी नाकारत नाही. मग तिनं नाक शिंकरलं आणि चंदरला विचारलं, "पैशाचं काय म्हनाला?"

"धा कमी येतील म्हनाला. साठाच्या जागी पन्नास. आयला सांग म्हनाला, राग धरू नको."

दहा! बाई आली, खोली आली, पोर आलं, आणि सगळं मिळून घराला दहा रुपयांची तोशीस. मग माझ्या वेळचे ते चाळीस कुठून काढले होते रे? मी चंदरवर ओरडले, त्या बिचाऱ्याचा काय दोष. सासू म्हणाली, "पगार वाढला असंल त्याचा." असेल ना, नक्की वाढला असेल. वाढल्यावर त्याला बायकोची आठवण झाली नाही, बाईची झाली. मला बोलवायला कुणाची बैठक लागली, शिंपल्या लागल्या, नाखवा लागले. तिला आणताना त्यानं कुणाला विचारलं? नको होते मी त्याला. एवढं साधं होतं, आणि मी सात वर्षं भावांत डोकं घालून बसले होते.

चंदर चहा न घेताच उठला. सासू माझ्याजवळ आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला. खरंच मायेनं फिरवला. आणि त्याच मायेनं म्हणाली, "दहाच तर हायत. तू तरीच्या होडीनं आगरदांड्याला जाऊन मुरूडच्या बाजारालाबी पाटी नेलीस, तर भरून निघतील गं."

मी तिचा हात झटकला. "मी भरायचे?" म्हटलं. "त्यानं तिथं बाई ठेवायची, आन तिच्या जेवनाचे धा मी भरायचे?"

"मग कोन भरनार?" सासूनं विचारलं.

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती. मी घरात नजर फिरवली. गुणाजीदादा खोकत पडले होते, दोन वर्षं झाली छाती धरून. होडी दुसऱ्याच्या हाती दिलेली. केसर चुलीपुढं, आणि तिची पाच पोरं भाकरीची वाट बघत बसलेली.

आता आठवड्यातून दोन दिवस मी तरीत बसून खाडी ओलांडते नि मुरूडला जाते. तिथली गिऱ्हाइकं बरी आहेत, फार घासाघीस करत नाहीत. महिन्याला दहा सुटतात, कधी अकरा. त्याच्या त्या बाईला नि पोरीला मी पोसते. तिला हे ठाऊकही नसेल.